परिचारिकांच्या कौशल्यांची उजळणी आणि व्हर्च्युअल रिॲलिटी



उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिले काही दिवस आपण नवीन धडा घेत नाही. एप्रिलमध्ये घडाघडा पाढे म्हणणारी मुले जूनमध्ये सतराच्या पाढ्यात अडखळतात. म्हणून आधी उजळणी. ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते आणि त्यासाठी कोणी मुलांना दोष देत नाही. वापरात नसलेली गोष्ट मेंदू बाजूला ठेवतो, इतकेच.

पाढा विसरला तर फार तर उत्तर चुकते. पण काही कामे अशी आहेत, जिथे विसरण्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. परिचारिकेचे काम त्यातलेच. नर्सिंगच्या शिक्षणात आणि नोकरीतल्या प्रशिक्षणात आता व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हे तंत्र वापरले जात आहे. हा गॉगल लावून उजळणी केली तर शिकलेले खरेच टिकते का? आजच्या लेखात आपण हाच प्रश्न एका ठराविक उदाहरणातून समजून घेऊ. उदाहरण आहे जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचे.

(सूचना: मी प्राथमिक शिक्षक आहे, वैद्यकीय तज्ज्ञ नाही. हा लेख शिकणे आणि टिकवणे या विषयावर आहे. उपचार शिकण्यासाठी अधिकृत प्रशिक्षणच घ्यावे.)

१) एका मिनिटाचे काम

बहुतेक बाळे जन्मल्याबरोबर स्वतःहून श्वास घेतात, रडतात आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण साधारण १०० पैकी १० बाळांना श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. त्यातल्या बऱ्याच बाळांना नीट पुसले, पाठ चोळली की पुरते. १०० पैकी साधारण ३ ते ५ बाळांना मात्र मास्क आणि बॅगने हवा द्यावी लागते. दवाखान्यात या साधनाला सगळे 'अंबू बॅग' म्हणतात.

जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाला 'सुवर्ण मिनिट' म्हणतात. या मिनिटाच्या आत बाळाने स्वतः श्वास घेतलेला असावा किंवा त्याला बॅगने हवा देणे सुरू झालेले असावे. आता या ६० सेकंदांत परिचारिकेला काय काय करायचे असते ते बघा:

• बाळाला कोरड्या कापडाने नीट पुसणे, ओले कापड बाजूला करणे, ऊब देणे.
• बाळ रडते का, श्वास घेते का, हे बघणे.
• नसेल तर डोके योग्य स्थितीत ठेवणे आणि गरज असेल तरच तोंड-नाक साफ करणे.
• पाठ चोळून बाळाला जागे करण्याचा प्रयत्न करणे.
• तरीही श्वास नसेल तर मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवून बॅग दाबणे. गती मिनिटाला साधारण ४० वेळा.
• प्रत्येक दाबाबरोबर छाती वर येते का, हे पाहणे.

छाती हलत नसेल तर पुन्हा पाहायचे. डोके नीट आहे का? मास्कच्या कडेने हवा निसटते आहे का? तोंडात स्राव अडकला आहे का? तोंड थोडे उघडले आहे का? बॅग जरा जास्त दाबावी लागेल का? हे सगळे समोर आई असताना, नातेवाईक दाराशी उभे असताना आणि घड्याळ पुढे सरकत असताना.

वाचताना सोपे वाटते, नाही का? पोहण्याचे पुस्तक वाचतानाही पोहणे सोपेच वाटते!

२) कौशल्य का विसरते? एक छोटे गणित

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ केले आणि ते किती विसरले जातात ते मोजले. त्याला दिसले की विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते आणि मग मंदावते. डी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात आपण 'विस्मरणाचा वक्र' काढलेला आठवत असेल, तो हाच.

हाताच्या कौशल्यालाही विस्मरण लागू होते. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याचे जे प्रशिक्षण दिले जाते, त्यातही तीन ते सहा महिन्यांत कौशल्य घसरू लागते, असे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसले आहे. पुन्हा प्रमाणपत्र घेण्याची मुदत मात्र साधारण दोन वर्षांची असते. म्हणजे प्रमाणपत्र चालू, पण हात विसरलेला, असा काळ मध्ये येतो.

तुम्ही म्हणाल, "परिचारिका तर रोज काम करतात, त्या कशा विसरतील?" चला, एक गणित करू.

समजा, एका छोट्या आरोग्य केंद्रात महिन्याला १० बाळंतपणे होतात. वर्षाला झाली १२०. त्यातल्या १०० मागे ३ ते ५ बाळांना बॅगची गरज, म्हणजे वर्षाला साधारण ४ ते ६ बाळे. केंद्रात तीन सिस्टर पाळीपाळीने काम करतात. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला वर्षातून असा प्रसंग आला एकदा किंवा दोनदा!

इंजेक्शन देणे, रक्तदाब मोजणे ही कामे रोजची. ती विसरत नाहीत. पण हे काम क्वचित येते आणि आले की एका मिनिटात निकाल लागतो. वर्षातून एकदा म्हटलेला पाढा कोणाच्या लक्षात राहील? यात त्या सिस्टरचा आळस नाही, निष्काळजीपणाही नाही. सरावाची संधीच येत नाही, हे खरे कारण आहे.

जगभरात २०२२ या एका वर्षात सुमारे २३ लाख बाळे जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावली. जन्माच्या वेळी श्वास न मिळणे हे त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्यामुळे हे गणित नुसते वहीतले नाही.

३) टांझानियाच्या रुग्णालयाने शिकवलेला धडा

उजळणी कशी असावी हे समजण्यासाठी आधी व्हीआर बाजूला ठेवून एक अनुभव पाहू.

'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचा एक अभ्यासक्रम आहे. 'बाळांना श्वास घ्यायला मदत' असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये तो जगासमोर आणला. साधने कमी असलेल्या दवाखान्यांसाठीच तो तयार केला आहे. त्यात चित्रांचे तक्ते असतात आणि पाणी किंवा हवा भरता येणारे रबरी बाळ असते.

टांझानियाच्या ग्रामीण भागातील हेडम रुग्णालयात या अभ्यासक्रमाचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. काही महिन्यांनी तपासले तेव्हा लोक पुतळ्यावर चांगले काम करत होते. पण प्रसूतिगृहातल्या खऱ्या बाळांवरच्या कामात मात्र फरक पडला नव्हता. संशोधकांनी २०१३ मध्ये हे प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले.

मग त्यांनी पद्धत बदलली. प्रसूतिगृहातच पुतळा ठेवला. आठवड्यातून एकदा ३ ते ५ मिनिटांचा छोटा सराव आणि महिन्यातून एकदा सुमारे ४० मिनिटांची उजळणी. बस्स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जन्मानंतर २४ तासांच्या आत होणारे मृत्यू दर १००० बाळांमागे ११.१ वरून ७.२ वर आले. आधीचा काळ आणि नंतरचा काळ अशी ही तुलना आहे, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या सरावाला देता येणार नाही. तरी शिक्षक म्हणून मला यातली गोष्ट फार महत्त्वाची वाटते: एका मोठ्या शिबिराने जे झाले नाही, ते थोड्या थोड्या पण वारंवार सरावानंतर दिसू लागले.

आता खरा प्रश्न येतो. प्रत्येक ठिकाणी पुतळा असेलच असे नाही. शिकवणारी व्यक्ती दर आठवड्याला येऊ शकत नाही. पाळ्या वेगवेगळ्या, माणसे कमी. मग हा 'थोडा पण वारंवार' सराव व्हायचा कसा? इथे व्हर्च्युअल रिॲलिटीचा विचार सुरू होतो.

४) व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणजे नेमके काय?

नर्सिंगमध्ये खोट्या रुग्णावर सराव करणे नवीन नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत १९११ मध्ये माणसाच्या आकाराची एक बाहुली आली. मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी ती केली होती, म्हणून तिचे नाव पडले 'मिसेस चेस'. रुग्णाला अंथरुणात वळवणे, कपडे बदलणे हे विद्यार्थिनी तिच्यावर शिकत. पुढे १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'रिससी ॲन' हा पुतळा आणला. गंमत बघा, दोन्ही वेळा मदतीला आले ते खेळणी बनवणारे लोक!

व्हीआर ही याच वाटेवरची पुढची पायरी. ते चालते कसे?

• डोळ्यांसमोर चष्म्यासारखे एक यंत्र असते. त्याला हेडसेट म्हणतात. आत दोन भिंगे असतात.
• प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र दाखवले जाते. आपले दोन डोळे खऱ्या जगातही असेच थोड्या वेगळ्या कोनातून पाहतात. मेंदू ही दोन चित्रे जोडतो आणि आपल्याला खोली जाणवते.
• हेडसेटमधले संवेदक डोके कुठे वळले ते ओळखतात आणि त्याप्रमाणे चित्र बदलते. डावीकडे पाहिले की डावीकडची भिंत, खाली पाहिले की टेबल आणि टेबलावर बाळ.
• हातातल्या नियंत्रकाने किंवा नजर रोखून वस्तू निवडता येते. कापड उचला, पाठ चोळा, मास्क घ्या.

स्वस्त प्रकारात मोबाईल फोनच पडदा म्हणून वापरतात. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा हेडसेट आणला होता, तो अनेकांनी पाहिला असेल. त्यात फक्त मान फिरवून आजूबाजूला पाहता येते. महाग हेडसेटमध्ये चालता येते, वाकता येते आणि दोन्ही हातांच्या हालचाली ओळखल्या जातात.

व्हिडिओ आणि व्हीआर यांतला फरक विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. व्हिडिओत दुसरे कोणीतरी काम करते आणि आपण बघतो. व्हीआरमध्ये पुढे काय करायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. आपण थांबलो तर बाळ तसेच पडून राहते आणि वेळ पुढे जातो. फळ्यावरचे गणित उतरवून घेणे आणि फळ्यापाशी जाऊन स्वतः गणित सोडवणे, यात जो फरक आहे तोच हा.

५) नायजेरिया आणि केनियातील प्रयोग

हे सगळे ऐकायला छान आहे. पण उपयोग होतो का? यासाठी एक अभ्यास मुद्दाम सांगतो, कारण तो उजळणीवरच आहे आणि साधने कमी असलेल्या दवाखान्यांतच झालेला आहे.

नायजेरियातील लागोस आणि पश्चिम केनियातील बुसिया या भागांत २७४ परिचारिका आणि सुईणींना आधी 'हेल्पिंग बेबीज ब्रीद'चे प्रशिक्षण दिले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले:

• पहिला गट: मोबाईलवर चालणारा व्हीआर सराव.
• दुसरा गट: त्याच विषयाचे व्हिडिओ.
• तिसरा गट: फक्त डिजिटल मार्गदर्शक पुस्तिका.

सहा महिन्यांपर्यंत अधूनमधून पुतळ्यावर परीक्षा घेतल्या. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षा दोन प्रकारच्या होत्या, आणि हाच मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

पहिली परीक्षा हाताची: मास्क घट्ट बसवून बॅगने नीट हवा देता येते का? सहा महिन्यांनी यात उत्तीर्ण झाले व्हीआर गटातले २८ टक्के, व्हिडिओ गटातले २५ टक्के आणि पुस्तिका गटातले २२ टक्के. म्हणजे तिन्ही गटांत बहुतेक जण नापास!

दुसरी परीक्षा संपूर्ण प्रसंगाची: बाळ जन्मले, श्वास नाही, आता क्रमाने काय काय कराल? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत 'ओएससीई' या नावाने माहीत असेल. यातल्या अवघड प्रसंगात सहा महिन्यांनी व्हीआर गटातले ६२ टक्के, व्हिडिओ गटातले ६० टक्के आणि पुस्तिका गटातले ४९ टक्के उत्तीर्ण झाले.

आता घाईने "व्हीआर जिंकले" असे लिहून मोकळे होऊ नका. सहा महिन्यांच्या या आकड्यांमधला गटागटांतला फरक इतका मोठा नव्हता की तो योगायोगाने आलेला नाही असे ठामपणे म्हणता येईल. पण प्रत्येक गटाची त्याच्याच सुरुवातीशी तुलना केली, तर काहीतरी दिसते. प्रशिक्षण संपताच घेतलेल्या परीक्षेच्या मानाने अवघड प्रसंगातले उत्तीर्णांचे प्रमाण व्हिडिओ आणि पुस्तिका या दोन्ही गटांत शेकडा १४ ने खाली आले होते. व्हीआर गटात ते जवळपास तिथेच राहिले. हाताच्या परीक्षेत मात्र सगळेच घसरले: व्हीआर गट शेकडा १५ ने, व्हिडिओ गट २१ ने आणि पुस्तिका गट २७ ने.

याचा अर्थ मी असा लावतो: 'आता पुढे काय करायचे' हा क्रम आणि निर्णय टिकवायला व्हीआरची मदत होत असावी. पण 'हाताने ते कसे करायचे' हे नुसत्या गॉगलने टिकत नाही.

दुसरा एक अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. नर्सिंग शिक्षणातल्या व्हीआरवर झालेल्या १२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हीआरमुळे ज्ञानात वाढ दिसली. कौशल्य, आत्मविश्वास आणि काम करायला लागणारा वेळ यांत मात्र इतर पद्धतींपेक्षा ठळक फरक आढळला नाही.

६) हाताला जे कळते ते डोळ्याला कळत नाही

असे का होत असावे? मास्क धरण्याचेच उदाहरण घ्या. अंगठा आणि तर्जनीने मास्कवर दाब द्यायचा, बाकीच्या बोटांनी हनुवटी उचलून धरायची. दाब कमी पडला तर कडेने हवा निसटते, जास्त झाला तर बाळाची मान वाकते. बॅग किती दाबली की छाती पुरेशी वर येते, हे बोटांना कळावे लागते. हेडसेटच्या नियंत्रकात फार तर थरथर जाणवते. बाळाच्या गालाचा मऊपणा, ओलसर निसरडी त्वचा, बॅगचा विरोध हे त्यात नसते.

आपण पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला लावतो. टॅबवर बोटाने 'क' काढता आला म्हणून पेन्सिलने वहीत 'क' येईलच असे नाही. पेन्सिलचा दाब, कागदाची खर, बोटांची पकड हे वेगळे शिकावे लागते. तसेच हे आहे. हातांसाठी रबरी बाळच हवे. त्याऐवजी नुसता हेडसेट देणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे.

७) फायदे आणि मर्यादा

परीक्षेच्या दृष्टीने विद्यार्थ्यांनी हे मुद्दे टिपून ठेवावेत.

फायदे:

१. चुकले तरी कोणाला इजा होत नाही. भीती नसली की माणूस प्रयत्न करून बघतो.
२. क्वचित येणारे प्रसंग हवे तितक्या वेळा आणता येतात.
३. शिकवणारी व्यक्ती हजर नसली तरी दहा मिनिटांचा सराव होऊ शकतो. रात्रपाळीच्या सिस्टरलाही संधी मिळते.
४. कोणत्या टप्प्याला किती सेकंद लागले, काय राहून गेले, हे लगेच कळते.
५. प्रसंगाचा ताण थोडाफार जाणवतो. पुस्तकात तो येत नाही.

मर्यादा:

१. स्पर्शाचे आणि हाताच्या दाबाचे कौशल्य येत नाही.
२. काहींना गरगरते, मळमळते. डोळे सांगतात 'आपण हलतोय' आणि आतला कान सांगतो 'आपण स्थिर आहोत', त्यामुळे असे होते. म्हणून सुरुवातीला बसून आणि थोडाच वेळ सराव करावा.
३. चार्जिंग, बिघाड, नेटवर्क, दुरुस्ती यांचा खर्च आणि कटकट असते. कपाटात कुलूपबंद पडलेल्या यंत्राने कोणाचीच उजळणी होत नाही.
४. कार्यक्रमात एखादा टप्पा चुकीचा किंवा जुना असेल तर चुकीचीच सवय पक्की होते.
५. हेडसेट अनेकजणी वापरतात. तो प्रत्येक वेळी पुसून निर्जंतुक करावा लागतो.
६. भाषा. इंग्रजीतल्या सूचना समजून घेण्यातच लक्ष गेले तर बाळाकडे कोण बघणार? सूचना सिस्टरच्या रोजच्या भाषेत हव्यात.

८) सरावानंतरची चर्चा: सगळ्यात जास्त शिकणे इथे होते

अमेरिकेतील नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा नर्सिंग अभ्यासक्रमांत केलेला एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या रुग्णालयातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने, म्हणजे कृत्रिम प्रसंगांच्या सरावाने, भरून काढले तरी ज्ञान, कौशल्य आणि परवाना परीक्षेचा निकाल यांत फरक पडला नाही. तो अभ्यास हेडसेटपुरता नव्हता. आणि त्यामागे एक अट होती: शिकवणारे प्रशिक्षित असावेत आणि प्रत्येक सरावानंतर पद्धतशीर चर्चा व्हावी.

ही चर्चा म्हणजे चुका मोजून दाखवणे नव्हे. "तिसऱ्या टप्प्याला तुम्ही थांबलात, तेव्हा मनात काय चालले होते?" असा प्रश्न विचारणे म्हणजे चर्चा. अनेकदा उत्तर असते, "मला वाटलं, बाळ रडेल आता, म्हणून वाट बघत होते." ही वाट बघण्याची सवय एकदा स्वतःच्या लक्षात आली की पुढच्या वेळी हात लवकर हलतो. यंत्र सांगते की २० सेकंद गेले. ते का गेले, हे माणसाशी बोलूनच कळते.

९) आपल्याकडे काय करता येईल?

जन्माच्या वेळी बाळाची काळजी कशी घ्यावी, श्वास कसा सुरू करावा, यासाठी भारत सरकारने २००९ मध्ये 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू केला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. परिचारिकांना नोंदणी चालू ठेवण्यासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते. हे चांगलेच आहे. पण तास भरणे आणि कौशल्य टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजेरीपट पूर्ण असला म्हणजे पाढे पाठ असतातच असे नाही, हे शिक्षकांइतके कोणाला कळणार?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करणेही त्यात होते. त्या कामामुळे बालमृत्यू लक्षणीय कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिथे हेडसेट नव्हता. होते ते नेटके प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि पुन्हा पुन्हा उजळणी. म्हणून यंत्राला मुख्य मानू नका, उजळणीला माना. यंत्र आलेच तर ते उजळणीच्या सेवेला.

एखाद्या नर्सिंग शाळेला किंवा आरोग्य केंद्राला सुरुवात करायची असेल, तर शिक्षक या नात्याने मी असा साधा मासिक आराखडा सुचवेन:

• पहिला आठवडा: हेडसेटवर १० मिनिटे. एकच प्रसंग, दोनदा. लक्ष फक्त क्रमावर.
• दुसरा आठवडा: रबरी बाळावर ५ मिनिटे. लक्ष फक्त मास्क आणि बॅगवर. छाती वर आली पाहिजे.
• तिसरा आठवडा: दोघींनी मिळून पूर्ण प्रसंग पुतळ्यावर. एक काम करेल, दुसरी घड्याळ आणि टप्प्यांची यादी बघेल. मग अदलाबदल.
• चौथा आठवडा: सगळ्यांनी मिळून १५ मिनिटे चर्चा. महिनाभरात खऱ्या बाळंतपणात काय घडले, तेही बोलायचे. बॅग-मास्क जागेवर आणि चालू स्थितीत आहेत का, हे तपासायचे.

हेडसेट नसेल तर पहिल्या आठवड्यात चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून, मोठ्याने बोलत क्रम म्हणा. आराखडा अडत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. सरावातले गुण वार्षिक अहवालात, बदलीत किंवा बोलणी खाण्यात वापरू नयेत. ज्या दिवशी सराव म्हणजे तपासणी असे वाटू लागेल, त्या दिवसापासून सिस्टर फक्त येणारेच प्रसंग निवडतील आणि न येणारे टाळतील. वर्गातही असेच होते. चुकल्यावर हसे होणार असेल, तर मूल हात वर करणे सोडून देते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• क्वचित वापरले जाणारे कौशल्य काही महिन्यांत घसरते. तो दोष नाही, तो स्वभाव आहे.
• एका मोठ्या शिबिरापेक्षा थोडा थोडा, वारंवार सराव जास्त उपयोगी.
• व्हीआर क्रम आणि निर्णय यांच्या उजळणीला मदत करू शकते. हाताच्या कौशल्यासाठी पुतळा हवाच.
• सरावानंतरची चर्चा टाळू नये.
• सराव शिकण्यासाठी असावा, धाक दाखवण्यासाठी नव्हे.

सरावासाठी प्रश्न

१. 'सुवर्ण मिनिट' म्हणजे काय? त्यातील टप्पे क्रमाने लिहा.
२. महिन्याला २५ बाळंतपणे होणाऱ्या आणि पाच परिचारिका असलेल्या केंद्रात एकीच्या वाट्याला वर्षाला साधारण किती वेळा बॅग-मास्कचा प्रसंग येईल? (१०० मागे ४ बाळे धरा.)
३. नायजेरिया-केनियातील अभ्यासात हाताची परीक्षा आणि प्रसंगाची परीक्षा यांच्या निकालांत कोणता फरक दिसला? कारण सांगा.
४. तुमच्या कामात क्वचित लागणारे पण अत्यंत महत्त्वाचे असे एक कौशल्य कोणते? त्याची उजळणी शेवटची कधी केली?

चौथा प्रश्न फक्त नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. शाळेतले अग्निशामक यंत्र कसे चालवायचे, साप चावलेल्या मुलाला आधी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आपल्यापैकी किती जणांना आज या क्षणी सांगता येईल? उत्तर देताना अडखळलात तर या आठवड्यातली दहा मिनिटे त्यासाठी काढा.

लेख आवडला असेल तर तुमच्या ओळखीतल्या सिस्टरना आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना नक्की पाठवा.